दहावीचे टक्के आणि विज्ञानाचे दार

दहावीचा निकाल लागला की घाटकोपर, विक्रोळी, गोवंडी, मानखुर्दच्या वस्त्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. 'पोराला पंचावन्न टक्के पडले, आता सायन्स कसले?' हे वाक्य शिक्षक बोलतात, क्लासवाले बोलतात, आणि आपले कार्यकर्तेही बोलतात. ते सहानुभूतीने बोलले जाते, म्हणून त्यातला निवाडा कोणाला खुपत नाही. मग मुलगा आय.टी.आय.चा फॉर्म भरतो, मुलगी वाणिज्य शाखेला जाते, आणि घरात विज्ञानाचा विषय कायमचा मिटतो. आय.टी.आय. किंवा वाणिज्य शाखा हलकी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. लेथ मशीनवर हजारांश इंचाचे काम करणारा माणूस पुष्कळ पदवीधरांपेक्षा विज्ञानाच्या जवळ असतो. प्रश्न एवढाच की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाबद्दलचा हा निवाडा कोणत्या पुराव्यावर दिला जातो?

ह्या एका वाक्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र गुंडाळलेले आहेत. ह्या मुलाला विज्ञान जमेल काय? त्याला प्रवेश मिळेल काय? आणि मिळाला तर तो शेवटपर्यंत टिकेल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेत नसते. दुसऱ्याचे असते, पण अर्धेमुर्धे. तिसऱ्याचे उत्तर पैसा, भाषा आणि वातावरण ह्यांत असते. आपण तिन्हींचे उत्तर एका आकड्यात शोधतो आणि तिथेच फसतो.

आधी तो आकडा कसा तयार होतो ते पाहू.

दहावीच्या एकूण टक्क्यांत विज्ञान आणि गणित हे फक्त दोन विषय. बाकी तीन भाषा आणि सामाजिक शास्त्रे. अकरावीच्या प्रवेशासाठी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत २०१० मध्ये आली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. ह्या पद्धतीत सर्वांत कमी गुणांचा विषय गळून जातो. तो विषय गणित असला तरी गळतो. म्हणजे एखाद्याचे गणित कच्चे असूनही भाषांच्या बळावर त्याला नामांकित महाविद्यालयात विज्ञान शाखा मिळू शकते, आणि गणितात पक्का पण इंग्रजी-हिंदीत मार खाल्लेला मुलगा यादीबाहेर राहतो. विज्ञान शाखेच्या दारावर विज्ञानाची परीक्षा होतच नाही, हे पालकांना तर सोडाच, शिक्षकांनाही पुष्कळदा सांगावे लागते.

त्यात संस्कृतची गोष्ट आहे. दहावीत संस्कृत हा 'स्कोअरिंग' विषय मानला जातो. पार्ले, बोरिवली, मुलुंडच्या नावाजलेल्या शाळांतली मुले पूर्ण संस्कृत घेतात आणि शंभरापैकी पंचाण्णव-अठ्ठ्याण्णव गुण सहज मिळवतात. महानगरपालिकेच्या किंवा वस्तीजवळच्या लहान अनुदानित शाळेत संस्कृतचा शिक्षकच बहुधा नसतो. तिथली मुले हिंदी घेतात आणि साठ-पासष्टवर थांबतात. हा तीस गुणांचा फरक बेरजेत उतरतो आणि पाच विषयांच्या टक्केवारीत सहा टक्के होतो. सहा टक्के म्हणजे प्रवेशाच्या यादीत हजारो मुलांची रांग. ह्या रांगेचा प्रकाशाच्या अपवर्तनाशी किंवा पेशीविभाजनाशी काडीचाही संबंध नाही. शास्त्रीय नृत्य, गायन, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, क्रीडास्पर्धा ह्यांचे सवलतीचे गुण वर मिळतात. अलीकडे काही मुलांच्या निकालात शंभर टक्के दिसतात ते बव्हंशी ह्या बेरजेमुळे. नियमात लोककलेलाही स्थान आहे, हे खरे. पण प्रमाणपत्र देणारी मान्यताप्राप्त संस्था, तिची फी, शाळेने वेळेत पाठवायचा प्रस्ताव, हे सगळे ज्याच्या घरी ठाऊक असते त्यालाच ते गुण मिळतात.

संस्कृतचा मुद्दा आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढली तर साडेसदतीसच्या थोडी वर. जो विषय नाइलाजाने घ्यावा लागला त्या फारसीत त्यांचे गुण सर्वांत चांगले होते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडन विद्यापीठातून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ह्या पदव्या त्यांनी मिळवल्या. विषय अर्थशास्त्र होता, पण पद्धत आकडेवारी तपासण्याची, पुरावा मागण्याची होती. साडेसदतीस टक्क्यांची गुणपत्रिका पाहून त्या काळी कोणी भाकीत केले असते तर ते काय केले असते, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

हे उदाहरण सांगताना एक सावधगिरी हवी. त्यावरून 'गुणांना काही अर्थ नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे. बाबासाहेबांनी स्वतः तसा निष्कर्ष कधी काढला नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला सादर केलेल्या अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या निवेदनात शिक्षणाची मागणी फार नेमकी आहे. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेर आहे, असे त्यांनी मांडले. त्यासाठी भारतातील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांसाठी दरवर्षी दोन लाख आणि परदेशातील अशाच शिक्षणासाठी एक लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार जे अनुदान देते त्याचा दाखलाही दिला. मागणी पैशाची होती, आणि ती विज्ञानासाठी होती. चार वर्षांनी, १९४६ मध्ये, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे. आपल्या चळवळीने पुढे कला आणि कायदा पुष्कळ आत्मसात केला, विज्ञान मात्र मागे राहिले. त्याची कारणे शोधायची तर गुणपत्रिकेच्या मागे जावे लागते.

ह्या कामी मुंबईत एक प्रयोग झाला आणि त्याची चर्चा आपल्याकडे व्हावी तितकी झाली नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. सर दोराबजी टाटा ट्रस्टचे त्याला साहाय्य होते. आज ते मानखुर्दला आहे, रेल्वे फाटकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण त्याची सुरुवात नाना चौकातील महानगरपालिकेच्या एका शाळेच्या इमारतीत झाली. वि. गो. कुलकर्णी ह्या पदार्थवैज्ञानिकाने त्याची उभारणी केली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ह्या केंद्राने मुंबईतील महानगरपालिकेच्या माध्यमिक शाळांतून अनुसूचित जातींची मुले निवडली आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांच्याबरोबर काम केले. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर ह्यांनी १९८५ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

प्रयोगामागचा प्रश्न साधा होता. ही मुले परीक्षेत मागे पडतात ती कुवत नाही म्हणून, की वाटेत दूर करता येण्यासारखे अडथळे आहेत म्हणून? मुलांबरोबर बसल्यावर अडथळे एकेक करून दिसू लागले. वाचलेला उतारा कळत नाही. प्रश्न काय विचारला आहे तेच उमगत नाही. उत्तर ठाऊक असते, पण ते सलग वाक्यांत लिहिता येत नाही. खालच्या इयत्तांतील अपूर्णांक, दशांश कच्चे राहिलेले असतात आणि त्यांच्यावर पुढचे सगळे गणित रचलेले असते. वर्गात प्रश्न विचारण्याची सवयच नसते. ह्यांतली एकही गोष्ट मेंदूतली नाही. आठवड्यातून काही तास ह्या गोष्टींवर नेटाने काम झाले तेव्हा मुलांचे शालान्त परीक्षेचे निकाल लक्षणीय सुधारले. ज्यांच्याबद्दल शाळेने आशा सोडली असती अशी मुले पुढे गेली. म्हणजे मुलगा तोच. आठवीत त्याचा आकडा वेगळा आणि दहावीत वेगळा. मग आठवीतला आकडा कशाचे मोजमाप होते? तो मागच्या आठ वर्षांत त्या मुलाला काय मिळाले नाही त्याचा हिशेब होता.

भाषेबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण विज्ञानाच्या वाटेवर आपली सर्वांत जास्त मुले इथे गळतात. ह्याच केंद्राने मराठी पाठ्यपुस्तकांची भाषा सोपी करून ती वर्गात वापरून पाहिली होती. मजकूर तोच, वाक्ये लहान आणि ओळखीची. मुलांचे आकलन वाढलेच, शिवाय ती वर्गात बोलू लागली. आपल्या पाठ्यपुस्तकातील विज्ञानाची भाषा एका विशिष्ट घरातून आलेली आहे. डांबराची गोळी कपाटात ठेवली की झिजत जाते आणि खाली ओल राहत नाही, हे वस्तीतल्या मुलीने पाहिलेले असते. पुस्तकात त्याला 'संप्लवन' म्हणतात. पाण्यात उभी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते, हे खाडीकाठच्या मुलाला सांगावे लागत नाही. 'अपवर्तनांक' मात्र त्याला पाठ करावा लागतो. जिच्या घरात संस्कृतप्रचुर मराठी बोलली जाते तिला हे शब्द निदान ओळखीचे वाटतात. इतरांना विज्ञान शिकण्याआधी एक परकी भाषा शिकावी लागते, आणि तिचे गुण कोणी देत नाही.

कसेबसे हे शब्द अंगवळणी पडतात तोच अकरावी येते आणि सगळे शब्द एका रात्रीत बदलतात. संप्लवन गेले, 'सब्लिमेशन' आले. अकरावी-बारावी विज्ञानाचे शिक्षण व्यवहारात इंग्रजीतच होते. मराठी माध्यमातून ऐंशी टक्के मिळवलेली मुलगी ऑक्टोबरच्या चाचणीत नापास होते आणि घरी येऊन म्हणते, 'मला सायन्स झेपत नाही.' तिला झेपत नाही ते इंग्रजी. सेमी-इंग्रजीमुळे हा धक्का काहीसा कमी झाला आहे. पण जिथे शिकवणाऱ्यालाच इंग्रजी विज्ञानाची सवय नाही तिथे सेमी-इंग्रजी म्हणजे दोन्ही भाषांत घोकंपट्टी. दहावीचे टक्के पाहून विज्ञानाला जायचे की नाही हे ठरवणाऱ्यांनी त्याऐवजी जून ते ऑक्टोबर ह्या चार महिन्यांकडे पाहावे. मुले गळतात ती इथे, आणि नेमके ह्याच वेळी त्यांच्याजवळ कोणी नसते.

आता दारांचा हिशेब. विज्ञानाच्या वाटेवर दारे अनेक आहेत आणि प्रत्येक दारावरचा पहारेकरी वेगळा कागद मागतो. कोणता कागद कुठे लागतो हे माहीत नसल्यामुळे आपण पहिल्या दारावरच घाबरून परततो.

दहावीचे टक्के खऱ्या अर्थाने एकाच दारावर चालतात, ते म्हणजे अकरावीच्या. तेही कोणते महाविद्यालय मिळेल एवढेच ठरवतात. विज्ञान शाखा उपनगरात कमी गुणांवरही कुठे ना कुठे मिळते. नामांकित महाविद्यालयांत मिळत नाही, आणि ह्या नामांकितांपैकी कित्येक भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याकांच्या संस्था आहेत; तिथे अनुसूचित जातींचे आरक्षण लागू होत नाही. हा तपशील आपल्या मुलांना फॉर्म भरल्यानंतर कळतो.

बारावीनंतर टक्क्यांचा दर्जा बदलतो. ते उंबरठ्यासारखे होतात. ओलांडला की पुरे, किती उंच उडी मारली हे कोणी विचारत नाही. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी भौतिक, रसायन, गणित मिळून खुल्या वर्गाला पंचेचाळीस आणि राखीव वर्गाला चाळीस टक्के लागतात, क्रम सी.ई.टी.वर लागतो. वैद्यकीयसाठी हा उंबरठा पन्नास आणि चाळीसचा, पुढे नीट. पुण्याच्या आयसरसारख्या मूलभूत विज्ञानाच्या संस्थांत साठ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पंचावन्न. निवड त्यांच्या स्वतंत्र अभिक्षमता चाचणीवर. आय.आय.टी.चा उंबरठा सर्वांत उंच : पंच्याहत्तर, अनुसूचित जाती-जमातींना पासष्ट, किंवा आपल्या मंडळात पहिल्या वीस टक्क्यांत येणे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने २००७ मध्ये मूलभूत विज्ञानाचे एक केंद्र निघाले. बारावीनंतर सलग पाच वर्षे शिकून एम.एस्सी. होण्याची ती सोय आहे. प्रवेश 'नेस्ट' ह्या परीक्षेने. घाटकोपर-अंधेरीपासून बसच्या टप्प्यात असलेल्या ह्या केंद्राचे नाव आपल्या किती शाळांतील शिक्षकांनी ऐकले असेल?

पदवीनंतर तर दहावी-बारावी मागेच पडतात. सी.एस.आय.आर.च्या नेट परीक्षेला एम.एस्सी.चे पंचावन्न टक्के पाहतात, राखीव वर्गाला पन्नास. टाटा मूलभूत संशोधन संस्था आपली लेखी परीक्षा आणि मुलाखत घेते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. तिथे पदवीचे साठ टक्के आणि लेखी परीक्षा किंवा गेटचे गुण तुम्हाला मुलाखतीपर्यंत नेतात, पुढची निवड मुलाखतीवर. मुलाखतीत तासभर फळ्यासमोर उभे करून 'हे असे का?' विचारतात. दहावीचे प्रमाणपत्र ह्या सगळ्या अर्जांना जोडावे लागते, पण ते जन्मतारखेच्या पुराव्यासाठी.

म्हणजे संस्कृतच्या गुणांचा जोर अकरावीपर्यंत. तिथून पुढे विषय कळतो की नाही हे पाहिले जाते. हे आपल्या बाजूचे आहे असे वाटेल, आणि काही अंशी आहेही. पण प्रवेश परीक्षांचेही एक गौडबंगाल आहे. दोन वर्षे क्लास, त्याची लाखांतली फी, क्लासशी संगनमत असलेले 'इंटिग्रेटेड' महाविद्यालय जिथे हजेरी नुसती कागदावर लागते. मंडळाच्या परीक्षेत घरची भाषा मोजली जात होती, इथे घरचा पैसा मोजला जातो. एक पहारेकरी गेला आणि दुसरा आला, एवढेच.

ह्या ठिकाणी कोणीतरी रामानुजनचे नाव काढतो. कॉलेजच्या परीक्षेत नापास झाला आणि जगातला थोर गणिती ठरला! आईन्स्टाईन गणितात नापास झाला होता ही गोष्ट तर सरळ खोटी आहे, तरी ती शाळांच्या भिंतींवर लिहिलेली सापडते. अशा गोष्टी सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण नापास होण्याची चैन कोणाला परवडते हेही पाहिले पाहिजे. ज्याच्या घरात दोन पिढ्यांची पुस्तके आहेत, ओळखीपाळखी आहेत, त्याला एक वर्ष वाया गेले तर गोष्ट सांगायला होते. आपल्याकडे एक वर्ष वाया जाते तेव्हा मुलगा कुरियरच्या गाडीवर बसतो आणि मुलीचे लग्न ठरते. म्हणून गुणांची बेफिकिरी आपण शिकवू नये. गुण हे आपल्या मुलांच्या हातातले पैशासारखे चलन आहे, कारण दुसरे चलन त्यांच्याकडे नसते.

रघुनाथ माशेलकर मुंबईत महानगरपालिकेच्या शाळेत शिकले, वडील लहानपणीच गेलेले, घरात विलक्षण गरिबी. शालान्त परीक्षेत ते गुणवत्ता यादीत आले, तरी शिक्षण सोडण्याचा विचार चालू होता. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीने ते कॉलेजात टिकले आणि पुढे सी.एस.आय.आर.चे महासंचालक झाले. ह्या गोष्टीतून लोक 'हुशारी' उचलतात. मला त्यातले साठ रुपये महत्त्वाचे वाटतात. त्या गुणांनी त्यांना विज्ञान शिकवले नाही. साठ रुपये मिळवून दिले, आणि साठ रुपयांनी त्यांना विज्ञानापर्यंत पोचवले. गुणांचे सर्वांत मोठे काम हेच आहे. आणि म्हणूनच शिष्यवृत्तीच्या अटींत टक्केवारी कुठे बसवली जाते ह्याकडे चळवळीचे डोळे असले पाहिजेत.

२०२४ साली महाराष्ट्रात ह्याचाच प्रत्यय आला. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी मिळते. तिच्या नियमांत दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही टप्प्यांवर पंच्याहत्तर टक्क्यांची अट घालण्यात आली. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, सर्वत्र टीका झाली, आणि ती अट मागे घ्यावी लागली. परदेशी विद्यापीठाने ज्याला प्रवेश दिला आहे, त्याला त्याच्या स्वतःच्या राज्याने दहावीच्या गुणांवरून अडवायचे, असा हा प्रकार होता. कोलंबियाला निघालेल्या साडेसदतीस टक्केवाल्याला बडोद्याच्या महाराजांनी असे विचारले नव्हते. अट गेली खरी. पण अशी अट सुचवणाऱ्याला ती स्वाभाविक वाटली, ह्याचा विसर पडू देता कामा नये.

आतापर्यंत दारांबद्दल बोललो. आत गेल्यावर गुण संपतात काय? पवईकडे पाहा. तिथली आय.आय.टी. १९५८ मध्ये स्थापन झाली, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा १९७३ पासून. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या वर्षात शिकणाऱ्या दर्शन सोळंकी ह्या दलित विद्यार्थ्याचा तिथे मृत्यू झाला. घरच्यांनी जातीय भेदभावाचा आरोप केला, संस्थेच्या समितीने तसा पुरावा आढळला नाही असे म्हटले. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या. त्यांत एक अशी की दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याचा जे.ई.ई.चा क्रमांक किंवा गेटचे गुण विचारू नयेत, कारण त्यावरून जात शोधली जाते. ही सूचना नीट वाचण्यासारखी आहे. वसतिगृहात पहिल्या दिवशी 'रँक किती?' असे विचारतात तेव्हा त्या प्रश्नाचा भौतिकशास्त्राशी संबंध नसतो, हे देशातल्या एका अग्रगण्य विज्ञानसंस्थेने लेखी मान्य केले. पूर्वी आडनाव विचारत, आता क्रमांक विचारतात. आडनाव बदलता येते, क्रमांक चिकटून राहतो.

आणि काही दारांवर तर राखीव जागाही नाहीत. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील आरक्षणाचा कायदा संसदेने २००६ मध्ये केला. त्याच्या परिशिष्टात काही संस्था वगळल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात आहे, आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था तिच्या घटकसंस्थांसह आहे, म्हणजे तुर्भ्याचे भाभा केंद्रही आले. मूलभूत संशोधनात फक्त गुणवत्ता चालते, हा त्यामागचा युक्तिवाद. गुणवत्ता म्हणजे काय, हे वर मांडलेल्या हिशेबानंतर पुन्हा विचारले पाहिजे. १९७६ साली, आणीबाणीत, तुर्भ्याची जनता कॉलनी अणुसंशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसाठी उठवण्यात आली आणि हजारो कुटुंबे चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकण्यात आली. त्या वस्तीपासून अणुशक्तीनगर चालत गाठता येते. तिथली मुले आजही शाळेत जाताना ती कुंपणाची भिंत पाहतात. भिंतीच्या आत काय चालते हे त्यांना कोणी समजावून सांगितले आहे काय?

तर जूनमध्ये आपल्या वस्तीत बसून कोणी विचारले की 'पंचावन्न टक्के आहेत, सायन्स घेऊ का?' तर आकड्याला उत्तर देण्याआधी गुणपत्रिका उघडून पाहावी. गणित आणि विज्ञानाचे गुण एकूण टक्क्यांपेक्षा वर आहेत की खाली, हे आधी पाहावे. पंचावन्नात गणिताचे सत्तर असतील तर गोष्ट निराळी. मुलाला काय बघायला आवडते, बिघडलेला पंखा तो उघडतो का, ह्याची चौकशी करावी. मग जवळचे, कमी कटऑफचे पण प्रयोगशाळा चालू असलेले महाविद्यालय शोधावे. दूरच्या नावाजलेल्या कॉलेजच्या नादात रोजचे तीन तास लोकलमध्ये घालवू नयेत. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता आले तर ठेवावे, कारण ह्या वयात एक विषय सोडणे म्हणजे निम्मी दारे स्वतःच्या हाताने लावणे. गणित सोडले की भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी गेली, जीवशास्त्र सोडले की वैद्यक गेले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र ह्यांची तजवीज अकरावीतच करावी. वैधता प्रमाणपत्राअभावी बारावीनंतर जाणारे प्रवेश हा गुणांचा प्रश्न नसून कचेरीचा आहे, आणि कचेरीशी भांडायला कार्यकर्ते असतात.

राहिला इंग्रजीचा धक्का. त्यासाठी बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी दीड तास पुरतो. मराठी पाठ्यपुस्तक डाव्या हाताला, इंग्रजी उजव्या हाताला, आणि मधे एखादा बी.एस्सी. झालेला वस्तीतलाच मुलगा. पहिल्या प्रकरणातले शंभरेक शब्द दोन्ही भाषांत मुलांकडून भिंतीवर लिहून घ्यावेत. हे जून ते ऑक्टोबर करायचे आहे. नोव्हेंबरात सुरू केले तर निम्मी मुले तोवर गळालेली असतात.